बूस्ट दाबूनही सोलो दबतोच? नवं पेडल घेण्याआधी हे तपासा

दुसरा अंतरा संपतो, सोलोची जागा येते, तुम्ही बूस्टवर, म्हणजे गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या पेडलवर, पाय ठेवता, दिवा लागतो. आणि गिटार होती तिथेच राहते. सूर जरा जाड होतो, सस्टेन वाढतो (सूर जास्त वेळ टिकतो), पण बँडच्या वर काही ती येत नाही. कार्यक्रम संपल्यावर समोर बसलेला मित्र विचारतो, "सोलोच्या वेळी तुझी गिटार कुठे गेली होती?" मग दुसऱ्या बूस्ट पेडलचा शोध सुरू होतो. ते येतं, घरी मस्त वाजतं, आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच रडगाणं.

मी पुण्यात एका रॉक बँडमध्ये वाजवतो आणि गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रालाही जातो, त्यामुळे दोन्हीकडे हा त्रास भोगला आहे. तीन बूस्ट घेतले, त्यातले दोन विकून टाकले. तिसरं अजून पेडलबोर्डवर आहे, पण ते पहिल्या दोघांपेक्षा चांगलं आहे म्हणून नव्हे. ते योग्य जागी बसलंय म्हणून. "कोणतं बूस्ट घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुमची गिटार फाटते कुठे? म्हणजे डिस्टॉर्शन, तो रॉकमधला फाटलेला आवाज, नक्की कुठे तयार होतं, पेडलमध्ये, ॲम्पमध्ये की प्रोसेसरमध्ये (सगळे इफेक्ट एकाच डब्यात देणाऱ्या डिजिटल यंत्रात)? याचं उत्तर मिळालं की पेडल कोणतं हे निम्म्याहून जास्त ठरून जातं.

आधी मोजून बघा

फोनवर आवाज मोजणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. फोनचा माइक काही प्रयोगशाळेतला नसतो, आकडा अचूक येणार नाही. पण आपल्याला आकडा नको, दोन आकड्यांमधला फरक हवा आहे. ॲम्पसमोर दोन-तीन मीटरवर एक खुर्ची ठेवा, तिच्यावर फोन ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका. ॲम्प कार्यक्रमात असतो तेवढ्याच आवाजावर हवा, घरच्या आवाजावर ही चाचणी फसवते. आता रिदमच्या (साथीच्या) सेटिंगवर बाराव्या पडद्याच्या आसपास एकच सूर सारख्या जोराने चार-पाच वेळा वाजवा, आकडा बघा. बूस्ट दाबा, पुन्हा तेच.

मी हे पहिल्यांदा एका जॅमरूममध्ये केलं तेव्हा डिस्टॉर्शन चालू होतं आणि बूस्ट त्याच्या आधी, म्हणजे गिटारच्या बाजूला होतं. बूस्टच्या लेव्हलची पट्टी मी मध्यापासून थोडी वर नेली, मग आणखी वर, मग शेवटपर्यंत. काटा जेमतेम एका डेसिबलने हलला. सूर मात्र आणखी आणखी दाट होत गेला, आणि मी जवळ उभा असल्यामुळे माझ्या कानाला तो "मोठा" वाटत होता. नंतर फक्त दोन पॅच केबल काढून बूस्ट डिस्टॉर्शनच्या पुढे, ॲम्पच्या बाजूला लावलं. पट्टी मध्यापासून अर्धीसुद्धा वर नव्हती आणि आकडा पाच डेसिबलने वर गेला. पेडल तेच, गिटार तीच, ॲम्प तोच. त्या दिवशी मला कळलं की मी आधी विकलेल्या दोन पेडलांचा काही दोष नव्हता.

डेसिबलचा अंदाज यावा म्हणून: तीनचा फरक लक्ष देऊन ऐकलं तर कळतो, दहाचा फरक म्हणजे आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. सोलोला माझ्या अनुभवात चार ते सहा पुरतात. दहाने वर गेलात तर ड्रमर तुमच्याकडे बघायला लागतो आणि गायक मॉनिटर वाढवून मागतो.

आता तुमचा निकाल बघा. फरक एक-दोन डेसिबलचाच आला तर सिग्नल पुढे कुठेतरी कापला जातोय, आणि पेडल बदलून काहीही होणार नाही. फरक पाचेक डेसिबलचा आला आणि तरी बँडमध्ये सोलो दबतो, तर गोम आवाजाच्या प्रमाणात नाही, आवाजाच्या जातीत आहे. तो भाग पुढे येतो. एकट्याने वाजवताना आकडा वाढतो पण बँडच्या आवाजावर ॲम्प चढवला की वाढायचा थांबतो, तर ॲम्पची ताकदच संपली आहे.

भरलेली बादली

काठोकाठ भरलेल्या बादलीत आणखी पाणी ओतलं तर पातळी वर जात नाही, पाणी सांडतं. डिस्टॉर्शन म्हणजे हीच काठोकाठ भरलेली बादली. नेहमीच्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये सिलिकॉन डायोडची जोडी असते, ती सिग्नलचं डोकं साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर कापते. तुम्ही आत एक व्होल्ट द्या की पाच, बाहेर डोकं कापलेलाच सिग्नल येणार. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या भागात, काप इतका कडक नसतो, कडा गोलाकार होतात, पण छत तिथेही असतंच.

बूस्ट पेडल करतं काय? व्होल्टेज वाढवतं, बस. २० डेसिबलचं बूस्ट म्हणजे दहापट व्होल्टेज. एमएक्सआरच्या मायक्रो ॲम्पमध्ये कमाल २६ डेसिबल मिळतात, म्हणजे जवळपास वीसपट. हे वीसपट व्होल्टेज जर छताच्या आधी दिलं तर ते सगळं सांडतं, आणि सांडलेलं पाणी आपल्याला जास्त डिस्टॉर्शन म्हणून ऐकू येतं. छताच्या नंतर दिलं तर आवाज वर जातो.

यात पेडल बनवणाऱ्यांनी फसवलं असं मुळीच नाही. बूस्टर जन्मालाच आला तो ॲम्प फाडण्यासाठी. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये डॅलस कंपनीचा रेंजमास्टर आला, आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. तेव्हाचे ॲम्प आवाजाला मंद, म्हणजे वरचे सूर कमी देणारे, आणि डिस्टॉर्शन हवं तर ॲम्प पूर्ण चढवावा लागे. रेंजमास्टर वरचे सूर उचलून ॲम्पच्या तोंडावर आदळायचा आणि ॲम्प गायला लागायचा. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर तो व्हॉक्सच्या एसी३० ॲम्पला लावायचा, आणि त्याचं ऐकून क्वीन बँडच्या ब्रायन मेने असा ट्रेबल (वरचे सूर उचलणारा) बूस्टर आणि एसी३० ही जोडी उचलली ती कायमची. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूजने १९६८ मध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्स सुरू केली, तिच्या अगदी सुरुवातीच्या मालात एलपीबी-१ नावाचा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर होता. कामही तेच, ॲम्पला धक्का द्यायचं.

पण हे लक्षात घ्या की गॅलाघर काय किंवा मे काय, बूस्टर फक्त सोलोपुरता चालू-बंद करत नव्हते. तो चालूच असायचा आणि आवाज गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर सांभाळला जायचा. आपण तेच पेडल सोलोला दाबतो आणि आवाज वाढायची वाट बघतो. वापर बदलला, जागा मात्र आपण जुनीच ठेवली.

तुमच्या जोडणीत ते कुठे बसतं

ॲम्प क्लीन (न फाटणारा) आणि डिस्टॉर्शन पेडलमधून, ही आपल्याकडची सर्वांत नेहमीची गोष्ट. भाड्याच्या साउंडसोबत पुष्कळदा रोलंडचा जेसी-१२० येतो. १९७५ पासून बनणारा हा ट्रान्झिस्टर ॲम्प, ६० वॅटचे दोन भाग, १२ इंची दोन स्पीकर, आणि आवाज आरशासारखा स्वच्छ. अशा ॲम्पवर काम सोपं आहे. गिटारनंतर ट्यूनर, वाह असेल तर तो, मग ओव्हरड्राइव्ह (डिस्टॉर्शनचा सौम्य भाऊ) किंवा डिस्टॉर्शन, मग बूस्ट, मग डीले (पडसाद देणारं पेडल) आणि रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा आभास देणारं). बूस्ट डीलेच्या आधी ठेवण्याचं कारण असं की सोलो संपल्यावर तुम्ही बूस्ट बंद केलं तरी शेवटच्या सुराचे पडसाद त्यांच्या त्यांच्या आवाजात विरतात. डीलेनंतर लावलं तर बूस्ट सोडताक्षणी पडसादही धपकन खाली बसतात. फक्त डीलेच्या इनपुटचा दिवा लाल होत नाही ना, ते बघा.

क्लीन ॲम्पवर एक धोका आहे. बूस्ट फार चढवलं तर ॲम्पचं इनपुटच फाटतं, आणि ट्रान्झिस्टर ॲम्प फाटतो तो गोड फाटत नाही, खरखरतो. म्हणून रिदमचा आवाज पेडलवर थोडा खाली ठेवा आणि ॲम्पचा व्हॉल्यूम वर घ्या. बूस्टला वर जायला मोकळी जागा ठेवणं हे तुमच्याच हातात आहे.

डिस्टॉर्शन ॲम्पमधून येत असेल तर ॲम्पच्या मागे वाका आणि सेंड-रिटर्न अशी भोकं दिसतात का बघा. हा इफेक्ट्स लूप. प्रीॲम्पमध्ये डिस्टॉर्शन झालं की सिग्नल सेंडमधून बाहेर येतो, रिटर्नमधून आत जाऊन पॉवर ॲम्पकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या भागाकडे, जातो. सोलोचं बूस्ट या दोघांच्या मध्ये लावायचं. ॲम्पपासून बोर्डपर्यंत दोन लांब केबल जास्तीच्या लागतील, ते झंझट आहे, पण उपाय हाच. लूपमधला सिग्नल गिटारच्या सिग्नलपेक्षा मोठा असतो आणि ९ व्होल्टवर चालणारं पेडल फार मोठा सिग्नल पेलू शकत नाही. काही ॲम्पवर सेंडची पातळी कमी करायचा नॉब किंवा बटण असतं, लूपमध्ये लावल्यावर खरखर आली तर ती पातळी कमी करा. झॉटिकच्या ईपी बूस्टरसारखी काही पेडल्स १८ व्होल्टवरही चालतात, मग त्यांच्यात जास्त सिग्नल मावतो. पण पेडलवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात १८ लिहिलेलं असेल तरच. नसताना दिलेत तर आतले कपॅसिटर जाऊ शकतात.

लूपच नसेल तर? तर खरं सांगायचं म्हणजे, गेन (प्रीॲम्पमधली वाढ, जिच्यामुळे आवाज फाटतो) चढवलेल्या ॲम्पच्या तोंडाशी कुठलंही बूस्ट लावून आवाज फारसा वाढणार नाही. दोन रस्ते उरतात. ॲम्पचा गेन उतरवून तो जवळपास क्लीन करायचा आणि डिस्टॉर्शन पेडलमधून घ्यायचं, म्हणजे आपण वरच्या पहिल्या प्रकारात आलो. नाहीतर गिटारच्या व्हॉल्यूमवर खेळायचं: रिदमला सहा-सात, सोलोला दहा. गेन जास्त असेल तर यानेही आवाजापेक्षा डिस्टॉर्शनच जास्त बदलतं, पण गेन मध्यम असेल तर बिनखर्चाचा इतका चांगला उपाय दुसरा नाही. नॉब उतरवल्यावर गिटार मंद होते अशी तक्रार असेल तर दुरुस्तीवाल्याकडून व्हॉल्यूम नॉबवर ट्रेबल ब्लीडचा (वरचे सूर वाचवणारा) छोटा कपॅसिटर बसवून घ्या, दहा मिनिटांचं काम.

प्रोसेसर वापरणाऱ्यांचं दुखणं तेच, फक्त ते पडद्यावर दिसतं. पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंगमध्ये) बूस्टचा ब्लॉक ॲम्पच्या ब्लॉकच्या आधी आहे की नंतर ते बघा. बहुतेक तयार पॅचमध्ये तो आधी असतो. ॲम्पच्या नंतर एक इक्वलायझर किंवा नुसता व्हॉल्यूमचा ब्लॉक टाका, चार-पाच डेसिबल द्या आणि तो पायाच्या बटणाला जोडा. सोलोसाठी वेगळा पॅच करू नका, निदान सुरुवातीला तरी. पॅच बदलताना काही प्रोसेसरमध्ये क्षणभर आवाज तुटतो, आणि तो नेमका सोलोच्या पहिल्या सुरावर तुटतो.

आकडा वाढला, तरी ऐकू येत नाही

इथे मला जास्त वेळ द्यायचा आहे, कारण जागेचा घोळ एका संध्याकाळी सुटतो, हा घोळ वर्षानुवर्षं राहतो.

घरी हळू आवाजात वाजवताना माणसाचा कान खालचे आणि वरचे सूर कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल लॅबमध्ये हे मोजून १९३३ मध्ये मांडलं. मग घरी आपण बेस (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) वाढवतो, मिड (मधले सूर) कमी करतो, आणि आवाज मोठ्या रेकॉर्डसारखा भरदार वाटतो. तोच सेटिंग घेऊन स्टेजवर गेलं की वाढवलेला बेस बेस गिटार आणि किक ड्रमखाली गाडला जातो, वाढवलेलं ट्रेबल झांजांमध्ये विरतं, आणि गिटारची खरी जागा जी मधली, तिथे आपण स्वतःच खड्डा खणून ठेवलेला असतो. त्या खड्ड्यावर सहा डेसिबलचं बूस्ट दिलं तर खड्डाच मोठा होतो.

गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झला वाजते. बावीस पडद्यांच्या गिटारवर सर्वांत वरचा सूर ११७५ हर्ट्झच्या आसपास. सोलो वाजतो तो साधारण ३०० ते ११०० च्या पट्ट्यात, आणि त्याची ओळख पटते ती त्याच्या वर, ८०० पासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत. हा पट्टा ज्याच्या हातात, त्याचा सोलो ऐकू येतो.

ऑर्केस्ट्रात हे फार ठळकपणे कळतं. एका बाजूला ढोलकी-तबला, दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅड, मध्ये दोन कीबोर्ड. त्यातला एक कीबोर्डवाला गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत स्ट्रिंग्जचा आवाज धरून बसतो, आणि तो आवाज नेमका ३०० ते २००० हर्ट्झवर पसरलेला असतो. मी दोन हंगाम बूस्ट वाढवत राहिलो. मग एकदा तालमीत त्याला म्हटलं, "दादा, माझ्या पीसला (मधल्या गिटारच्या तुकड्याला) तेवढा डावा हात उचलाल का?" त्याने उचलला. त्या संध्याकाळी बूस्ट न दाबताच पीस समोर गेला. रॉक बँडमध्ये हीच विनंती दुसऱ्या गिटारवाल्याला करावी लागते: सोलोला पॉवर कॉर्ड ठोकत राहण्याऐवजी दोन माप आवाज उतरव, किंवा वरच्या पट्टीत हलकं वाजव. हे मागण्यात कमीपणा नाही. बँड म्हणून वाजवायचं तर हे बोलायलाच हवं.

पेडलच्या बाजूने उपाय म्हणजे नुसता आवाज वाढवणारं नव्हे, तर मिड उचलणारं बूस्ट. इबानेझचा ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह १९७९ मध्ये टीएस८०८ म्हणून आला. तो इतकी वर्षं टिकला त्यामागे बेस कापून ७००-८०० हर्ट्झच्या आसपास मिडचा उंचवटा देण्याच्या त्याच्या सवयीचा मोठा वाटा आहे. ड्राइव्ह पार खाली, लेव्हल पूर्ण वर, टोन मध्यावर, असं लावलं की तो मिड बूस्ट होतो. लूप नसलेल्या, आधीच फाटलेल्या ॲम्पच्या तोंडाशीसुद्धा तो थोडं काम करतो, कारण तिथे तो आवाज वाढवत नसला तरी बेस कापून सूर घट्ट करतो आणि मिड पुढे आणतो. फेंडरच्या जातीचे ॲम्प मिडमध्ये मुळात खोलगट असतात, त्यांच्यावर हा उंचवटा खड्डा भरून काढतो. ज्याचा ॲम्प आधीच मिडने भरलेला आहे त्याला मात्र तो नाकात बोलल्यासारखा वाटेल.

सुरुवातीला सांगितलेलं माझं तिसरं बूस्ट मुळात बूस्ट म्हणून विकलंच जात नाही. तो बॉसचा जीई-७ इक्वलायझर आहे, सात पट्ट्यांचा, १०० हर्ट्झपासून ६.४ किलोहर्ट्झपर्यंत, प्रत्येकी १५ डेसिबल वर-खाली, शेवटी लेव्हलची वेगळी पट्टी. डिस्टॉर्शननंतर बसवलाय. माझं सेटिंग: १०० हर्ट्झ सहाने खाली, २०० तीनने खाली, ४०० मध्यावर, ८०० चारने वर, १.६ किलोहर्ट्झ पाचने वर, ३.२ दोनने वर, ६.४ तीनने खाली, लेव्हल तीन-चारने वर. एकट्याने ऐकलं तर हा आवाज पातळ, टेलिफोनसारखा वाटतो. पहिल्यांदा ऐकून मी तो पुसून टाकणार होतो. बँडमध्ये तोच आवाज गायकाच्या गळ्याइतका स्पष्ट बसतो. घरी एकट्याने ऐकून सोलोचा सूर ठरवू नका, एवढी एक गोष्ट तरी माझी ऐका.

ट्रेबल बूस्टरच्या मोहात पडणाऱ्यांसाठी: तो मंद ॲम्पवर आणि हंबकरवर (दुहेरी कॉइलच्या जाड आवाजाच्या पिकअपवर) खुलतो. फेंडर स्ट्रॅट गिटारचा ब्रिज पिकअप, चकचकीत क्लीन ॲम्प आणि ट्रेबल बूस्टर अशी जोडी केली तर सूर कानाला सुईसारखा टोचतो. त्याला गिटारचा सिग्नल थेट लागतो, आधी बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असलेलं कुठलंही पेडल नको. जर्मेनियमचा असेल तर उन्हाळ्यात जपा, गरम झाला की ट्रान्झिस्टर आतून गळायला लागतो आणि आवाज बदलतो. मे महिन्यात उघड्या मंडपात दुपारच्या साउंडचेकला लावलेलं सेटिंग रात्री तेच राहील याची खात्री नाही.

हम, खरखर आणि वीज

बूस्ट जे येईल ते वाढवतं, त्यात हम, म्हणजे विजेची गुणगुणही आली. सहा डेसिबल दिलेत तर हमचं व्होल्टेज दुप्पट. बूस्ट दाबल्यावर फक्त सोलो नाही तर गुणगुणही वर येत असेल तर आधी बोर्डला बॅटरीवर चालवून बघा. हम गेली तर दोष ॲडॅप्टरचा. एकाच स्वस्त ॲडॅप्टरवर डिजिटल डीले आणि बूस्ट माळेसारखे जोडले की डीलेची टिकटिक बूस्टमधून मोठी होऊन येते. डीलेला वेगळा ॲडॅप्टर द्या, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. जुन्या पद्धतीची जर्मेनियम पेडल्स पुष्कळदा पॉझिटिव्ह ग्राउंडची (विजेची जोडणी उलटी असलेली) असतात, ती या माळेत अजिबात जोडू नका, शॉर्ट होईल.

मग घ्यायचं कोणतं

क्लीन ॲम्प, डिस्टॉर्शन पेडलमधून, आणि सूर तुम्हाला जसाच्या तसा फक्त मोठा हवा: मायक्रो ॲम्प किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचा स्पार्क मिनी. दोन्हींवर एकच नॉब, चुकायला जागा नाही. स्पार्क मिनी बोर्डवर काडेपेटीएवढ्या कोपऱ्यातही मावतो. ॲम्पमध्येच डिस्टॉर्शन आणि लूप आहे: हीच पेडल्स लूपमध्ये, किंवा इक्वलायझर. माझा कल इक्वलायझरकडे आहे, कारण ते दोन्ही दुखण्यांवर चालतं. लूप नाही आणि ॲम्प फाटलेला: ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसचा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्ह शून्याजवळ ठेवून. ईपी बूस्टरचा आवाज सुंदर आहे, सूर जरा जाड आणि उबदार करतो, पण तो मुळात कायम चालू ठेवायचं पेडल आहे, सोलोला दाबायचं नव्हे. ज्याला दोन्ही कामं एकातच हवी असतात त्याची त्याने निराशा होते, आणि दोष पेडलचा नसतो.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर एलपीबी-१ घरी बनवा. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक १०० के चा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर). आकृती सगळीकडे मिळते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. डबी आणि पायाचा स्विच हाच त्यातला महाग भाग. बनवलात तर एक गोष्ट कायमची कळते: आत जादू काही नाही, व्होल्टेज वाढवणारा एक ट्रान्झिस्टर आहे, आणि म्हणून तो कुठे बसवायचा हे इतकं महत्त्वाचं आहे.

मिक्सरवर आवाज पुन्हा खाली बसतो

सगळं नीट केलं, स्टेजवर सोलो दणदणीत, आणि रेकॉर्डिंगमध्ये तरीही दबलेला. मग गिटार मिक्सरवर अडते आहे. साउंडचेकला आपण रिदम वाजवतो, साउंडवाला त्यावर गेन लावतो, वर कंप्रेसर टाकतो. सोलोला पाच डेसिबल जास्त आले की कंप्रेसर ते निमूटपणे दाबून टाकतो. त्याची चूक नाही, आपण त्याला सोलो ऐकवलेलाच नसतो. साउंडचेकला आधी बूस्ट चालू करून वाजवा आणि सांगा, "दादा, हा माझा सर्वांत मोठा आवाज, गेन यावर लावा." मग बूस्ट बंद करून रिदम ऐकवा. गिटारवर कंप्रेसर नको असंही नम्रपणे सांगता येतं. बहुतेक साउंडवाले आनंदाने काढतात, कुणीतरी आधी सांगितलं याचंच त्यांना बरं वाटतं.

राहिला ॲम्पची ताकद संपण्याचा प्रकार. १५ वॅटचा ॲम्प आणि जोरकस ड्रमर असेल तर ॲम्प रिदमलाच पूर्ण चढलेला असतो, लूपमधलं बूस्टही मग पॉवर ॲम्पमध्येच सांडतं. १५ च्या जागी ३० वॅटचा ॲम्प आणला तर फक्त तीन डेसिबल मिळतात, म्हणून त्यासाठी पैसे घालण्याआधी ॲम्पसमोर माइक लावून घ्या आणि रिदमचा आवाज थोडा उतरवा. रिदम चारने खाली आणि सोलो होता तिथे, हिशोब तोच होतो.

बँडच्या आवाजावर एकदा सेटिंग बसलं की लेव्हलच्या खुणेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा. बोर्ड बॅगेतून काढताना नॉब आणि पट्ट्या सरकतात, आणि अंधाऱ्या विंगेत तो ठिपका बोटाच्या पेराला लागतो.